दगडांच्या ओळीने पळताना

माणूस कारण नसताना पळतो, ही गोष्ट आमच्या गावाच्या गळी उतरायला बराच काळ गेला. तापीकाठचं आमचं गाव, कापूस, केळी आणि थोडाफार ऊस करणाऱ्या गुजरांचं. तिथे पळायचं ते बैल सुटला तर, नाहीतर कुठे आग लागली तर. वीस वर्षांचा धडधाकट पोरगा पहाटे अर्ध्या चड्डीत गावाबाहेर पळत जातो आणि घामाघूम होऊन रिकाम्या हातांनी परत येतो, हे बघून लोक आधी हसले, मग त्यांनी माझ्या आईला माझ्या लग्नाचं मनावर घ्यायला सांगितलं.

मला पोलिसात जायचं होतं. धुळ्याला भरती व्हायची, तिथे पळवून बघत, आणि शेजारच्या गावचा एक गडी नुसत्या पळण्यात मागे पडून परत आला होता. तशी नाचक्की मला नको होती. शेतीत माझा जीव रमत नव्हता हेही खरं. केळीच्या खुंटाला पाणी पाजता पाजता म्हातारं व्हायचं, या विचाराने मला धडकी भरायची.

"पळीसन काय व्हई रे?" आबा विचारायचे. आबा म्हणजे माझे वडील. "कोनी मांगे लागेल शे का?"

ते चेष्टेने विचारत. मीही हसून घ्यायचो. पुढे पुढे मात्र पळताना खरोखरच कोणी मागे लागल्यासारखं वाटायला लागलं, आणि मी मान वळवून बघू लागलो.

माझ्या वाटा ठरलेल्या होत्या. सुरुवातीला नदीच्या वाळूतून पळायचो. वाळूत पोटऱ्या लवकर भरून येतात, पण उन्हाळा सरला की वाळूच उरत नाही. मग एसटीच्या फाट्याकडे जाणारी गाडवाट धरली, तर तिथली कुत्री माझ्यापेक्षा जोरात पळणारी निघाली. तिसरी वाट मला सरकारने दिली, आणि तीच सगळ्यांत चांगली होती.

खाली गुजरातेत तापीवर मोठं धरण बांधायला घेतलं होतं. ते आमच्यापासून लांब होतं, पण अडवलेलं पाणी मागे फुगत आमच्यापर्यंत येणार होतं. त्यासाठी मोजणीवाले आले. तिवईवर दुर्बीण, हातात रंगवलेल्या काठ्या. केळीच्या बागांतून, कापसातून ते काही दिवस फिरले आणि गेले, आणि त्यांच्या मागे दगड उरले. गुडघ्याएवढे, चुना फासलेले, डोक्यावर लाल पट्टा. दगडाच्या खालचं सगळं पाण्यात जाणार, वरचं कोरडं राहणार. ज्याचं जाईल त्याला दुसरीकडे जमीन मिळणार.

पळणाऱ्याला त्या ओळीसारखी वाट शोधून सापडली नसती. पाण्याची पातळी धरून दगड रोवलेले, त्यामुळे ना चढ ना उतार. ओळ टेकाडाला वळसा घालायची, नाल्यात आत शिरून बाहेर यायची, आमच्या विहिरीच्या वावराच्या वरच्या बांधावरून जायची, भिलाटीच्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीच्या, मागून निघून पुन्हा गावाकडे वळायची. मी दगड बघत पळायचो. उजव्या हाताला राहणारं जग, डाव्या हाताला जाणारं. पहिले काही दिवस मला त्याची गंमतच वाटली. डावीकडे धुकं असलं की वाटायचं, पाणी आलंसुद्धा, आणि आपण काठाने पळतोय. मग एके दिवशी धुकं नसतानाही तसं वाटलं, आणि गंमत गेली.

आमचं घर उंचावर, उजवीकडे. विहिरीचं वावर डावीकडे. ती विहीर आजोबांनी खणलेली, भर उन्हाळ्यातही न आटणारी. बाकी जमिनीचं आबांना फारसं नव्हतं, पण त्या एका वावरावर आमचं घर चालायचं. त्याच्या बदल्यात मिळणारी जमीन आबा एकदा बैलगाडीने जाऊन बघून आले. आल्यावर त्यांनी पाय धुतले, जेवले, आणि हात सुकेपर्यंत ताटावर बसून राहिले. आईने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मुरूम शे नुसता. पानीना पत्ता नही."

पावसाळ्यानंतर भिलाटी रिकामी व्हायला लागली. ती सगळी दगडाच्या खाली होती. मी रोज त्यांच्या मागच्या कुडाच्या भिंतींलगत पळायचो, आतून कोणीतरी खोकायचं, चुलीचा धूर यायचा, एक म्हातारी मला बघून रोज तेच काहीतरी पुटपुटायची. एके सकाळी धूर नव्हता. पुढे दारं काढून नेली, मग वासे. उरल्या त्या मातीच्या चुली, उघड्यावर, ओळीने. कुत्री मात्र लोक सोडून गेले होते. ती आता माझ्यावर भुंकत नसत, माझ्यामागे पळत आणि शेवटच्या दगडाशी येऊन थांबत. मी ती वाट सोडून द्यायला हवी होती. पण भरती जवळ आली होती, आणि दुसरीकडे एवढं सपाट नव्हतं.

वरच्या बांधावर निंबाखाली एक दगड होता. त्याला हात लावून मी पुढे पळायचो. दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी वाकलो आणि हात सरळ मातीला लागला. दगड तिथे नव्हता. मी आसपास पाहिलं. दगड खालच्या बांधावर उभा होता, सगळं वावर ओलांडून, विहिरीच्याही पलीकडे. चुना तसाच, पट्टा तसाच, बुडाशी गवताचे ठोंब लावून जुना दिसेल असा केलेला. दोन्ही बाजूंचे दगड मात्र जागेवर होते. लांबून बघितलं तर सरकारी ओळीला मधेच पोक आल्यासारखं दिसत होतं.

हे कोणी केलं, ते विचारायची गरज नव्हती. बांध कोरणं आमच्या रक्तातच आहे. दर वर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, शेजाऱ्याच्या बांधाला घासून घालायचं, म्हणजे दहा-वीस वर्षांत बांध सरकतो, आणि सरकला की तोच खरा. सगळे करतात, सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणंही होतात. आबा तर आमच्या भाऊबंदांत त्यासाठी नावाजलेले. त्यांना खूण दिसली की ती हलवता येते, एवढंच ठाऊक.

मी तसाच घामेजलेला विहिरीवर गेलो. आबा मोट जुंपत होते.

"आबा, दगड तुम्ही हलवला?"

"दगड सरकारना शे. वावर मन्हं शे," ते बैलाकडे बघत म्हणाले.

"पानी दगड देखीसन थोडंच येस?" मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मूर्ख आहे याची त्यांना खात्री असावी, पण आवाज समजुतीचा होता.

"पानी नही देखत. सरकार त देखस ना? धरणले दरवाजा शेतस. सरकार दगडलगून पानी भरी, मंग दरवाजा खोली दी. सोताना दगड सरकार कसाले बुडावी?"

मला हसू आलं नाही. भीती वाटली. कारण त्यांच्या बोलण्यात खोट काढायला गेलं तर सरकारवरचा त्यांचा विश्वासच काढावा लागत होता. मी म्हणालो की शेत दगडाच्या वर दिसलं तर बदली जमीनही मिळणार नाही, आणि पाणी तर यायचं तिथे येईलच. हातातलं जाईल आणि देऊ केलेलंही जाईल.

"तू पळ," आबा म्हणाले, आणि बैल हाकले.

दुसऱ्या दिवशी मी पहार घेऊन गेलो, दगड उपटला आणि लोळवत, ढकलत वर आणून निंबाखाली रोवला. नखं फुटली. दोन सकाळी तो तिथे राहिला. तिसऱ्या सकाळी पुन्हा खाली. मी पुन्हा वर आणला. असं कितीदा तरी झालं. घरात आम्ही दोघं याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो. जेवताना आबा मला भाकरी वाढायला सांगत, मी त्यांना पाणी देई, आणि दोघांच्याही हातांना चुना लागलेला असे. आई दोघांचे हात बघायची. पळताना आता मी धापा टाकत नव्हतो, तरी त्या बांधाजवळ आलो की छातीत धडधड व्हायची. आज दगड कुठे असेल, या एकाच विचाराने.

मग मला धुळ्याला जावं लागलं. पळण्यात मी दुसरा आलो. छाती, उंची, सगळं जमलं. आनंदाने परतलो तर घरी आबाही आनंदात. मी नसताना पंचनाम्याला माणसं येऊन गेली होती. नकाशे वगैरे होते म्हणे, पण ऊन कडक, गावं खूप. त्यांनी दगड बघितले, दगडाच्या खालची वावरं लिहून घेतली, वरची सोडली. आमचं विहिरीचं वावर सोडलं. शेत दगडाच्या वर आहे, हे मान्य असल्याची आबांनी खाली सही केली होती. सही येण्यापुरते ते शाळेत गेले होते, त्याचं एवढं चीज कधी झालं नव्हतं.

"देखं?" ते म्हणाले. त्या रात्री त्यांनी आईला गोडाचं करायला लावलं. भरतीसाठी की दगडासाठी, हे मी विचारलं नाही.

मी नोकरीवर गेलो. सुटीवर यायचो तेव्हा गावातलं एकेक घर कमी झालेलं असायचं. शेजारचे मुरमाच्या जमिनीवर गेले, शिव्या देत गेले, पण गेले. तिथे त्यांनी पहिल्या वर्षी बाजरी घेतली. आबांनी त्या वर्षी विहिरीच्या वावरात केळी लावली, आणि मला केळफुलं दाखवत वावरभर फिरवलं. मी त्या बांधावरून पुन्हा पळालो नाही. सुटीत पळायचं सोडून दिलं, पाय दुखतात म्हणालो.

साठचं दशक संपत आलं होतं. भिंत पुरी व्हायची होती, तरी एका पावसाळ्यात अडलेलं पाणी मागे आलं. पूर येतो तसं ते आलं नाही. गर्जना नाही, ओंडके नाहीत. आबांनी सांगितलं, रोज थोडं थोडं सरकत होतं, बांध कोरल्यासारखं. आधी खालच्या बांधावरचा दगड बुडाला. मग विहिरीच्या काठावरून पाणी आत पडू लागलं, आणि विहीर भरली तेव्हा ती कुठे आहे हे फक्त आबांना ठाऊक राहिलं. केळीचे शेंडे काही दिवस वर दिसत होते. पाणी निंबाच्या बुंध्याशी येऊन थांबलं. मोजणीवाल्यांनी जिथे सांगितलं होतं, तिथेच.

मी रजा काढून आलो. आबा म्हणाले, नंदुरबारला जाऊ. साहेबाला सांगू की सरकारचं पाणी सरकारच्या दगडाच्या वर आलंय. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि मला वर्दी घालायला लावली. मी नको म्हणत होतो.

पुनर्वसनाच्या कचेरीतले साहेब पन्नाशीचे होते, थकलेले, पण बसा म्हणाले. पंचनामा काढून बघितला. मग शांतपणे म्हणाले, "बाबा, कागदावर तुमचं शेत वर आहे. ही तुमचीच सही. कोरड्या शेताला बदली जमीन कशी देऊ?"

"पानीमा शे साहेब. केळीना बाग बी पानीमा."

"दगडाच्या वर पाणी आलेलंच नाही कुठे. दुसऱ्या एकाही गावातून तक्रार नाही."

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "हाऊ मन्हा आंडोर. पोलीसमा शे. हाऊ रोज पळे तठे. याले इचारा, दगड कोठे व्हता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. "निंबाखाली होता, साहेब. वरच्या बांधावर."

"आणि खाली कोणी नेला?"

सरकारी खूण हलवली, तर गुन्हा होतो, हे मला आता खात्यात शिकवलेलं होतं. आबांना त्याची काही कल्पना नव्हती. भाऊबंदांसमोर बांधाचं भांडण मिटवताना सांगावं तसं, मोकळेपणाने, ते म्हणाले, "मीच लई गवू खाले."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. आबांकडे पाहिलं, मग माझ्या वर्दीकडे. भला माणूस होता तो. आवाज खाली आणून मला म्हणाला, "हे मी ऐकलं नाही. यांना घरी घेऊन जा." आणि पंचनामा मिटला.

आबांना धरून मी बाहेर व्हरांड्यात आणलं. पायऱ्या उतरता उतरता ते थांबले.

"त्यानी आयकं नही म्हने," ते म्हणाले. "थांब, मी परत सांगी येस."

ते वळून दाराकडे निघाले. मी त्यांचा दंड पकडला. ते जोर करू लागले, तसा मीही केला, आणि नोकरीत माणसं धरून नेतो तसा त्यांना एसटी स्टँडपर्यंत धरून नेला.