गेटाच्या आत जाणारी गाडी

नंदेश्वर काका आपल्या गाडीचं हँडल कुणाच्या हातात लगेच देत नसत. तसलीच गाडी घ्यायच्या विचाराने बघायला आलेला माणूस कितीही तालेवार असो, त्याला आधी मागच्या सीटवर बसावं लागे. "पहिले मागं बस. तुह्या बायकोले, मायले मागंच बसा लागन ना? त्याईले कसं वाटते ते पाह्य, मंग हँडल धर." मग काका प्रताप नगरातल्या त्यांच्या गल्लीतून निघून वर्धा रोडला लागत, ट्रकांच्या शेजारून थोडं अंतर जाऊन परत येत आणि गाडी घराच्या ओट्याला लावत. उतरलेला माणूस विस्कटलेले केस बसवत म्हणे, "भारी आहे हो काका." काका विचारत, "भारी हाय ते ठीक. पण तुले पायजे काहून?"

निम्मे लोक यावर घड्याळ बघून निघत.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. फुटपाथ, सिग्नल, बस यांसाठी आम्ही पत्रकं काढतो, आणि ती बहुतेक मीच लिहिते. त्या वर्षी आमची एकच मागणी होती: बुटीबोरीच्या कारखान्यांच्या शिफ्टा धरून आमच्या भागातून थेट बस हवी. कामगार टमटममध्ये लटकत जातात, हे मी स्वतः पाहिलं होतं. सह्या गोळा करत काकांच्या दारी गेले तेव्हा ते ओट्यावर बसून गाडीची काच पुसत होते.

गाडी म्हणजे मॅक्सी स्कूटर. पांढरी, पुढे उंच काच, सोफ्यासारखी रुंद सीट, साध्या स्कूटरच्या जवळपास दुप्पट वजन आणि पोटात मोटारसायकलीला शोभेल असं इंजिन. ज्या शहरात म्हातारीला रस्ता ओलांडायला अनोळखी माणसाचा हात धरावा लागतो, तिथे असली गाडी म्हणजे रस्त्यावर सांगितलेला मालकीहक्क आहे, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. ते वाक्य मी अजून मागे घेतलेलं नाही.

काकांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत वाचलं. असं कुणी करत नाही. लोक सही करतात किंवा कुत्रं सोडतात.

"चांगलं लिहिलं वं. पण मी सही नाही करत."

"का?"

"मी बसनं जात नाही."

"बस नाही म्हणूनच जात नाही ना काका?"

"असली तरी नाही जाणार. मंग खोटी सही काहून करू?"

मी चरफडत निघाले. हा माणूस आयुष्यभर कामगार होता, हे मला शेजारच्यांकडून कळलं होतं. शहरातल्या कापड गिरणीत मागांचा फिटर होता. ती बंद पडल्यावर बुटीबोरीच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी आठवड्यातून चार दिवस अजून बोलावणं यायचं, कारण जुने माग त्यांच्याइतके कुणाला कळत नव्हते. अख्ख्या शेडच्या खडखडाटात एका मागाचा ताल चुकला तर काका पाठमोरे असतानाही मान वळवत, असं लोक सांगायचे. आणि असा माणूस बसच्या कागदावर सही करत नाही. बरं, गाडीवर चढायचाही उलटा, उजव्या बाजूने, ओट्यावरून, एखाद्या संस्थानिकासारखा. चालायचा तोही इतका सावकाश, की जणू रस्ता त्याच्यासाठी थांबला आहे. मी मनात नोंद केली: शोरूमचा माणूस. सदर भागातल्या कुठल्यातरी शोरूमने फुकट सर्व्हिसिंगच्या बदल्यात वस्तीत पेरलेला.

हा संशय पक्का करायला मी एका रविवारी समोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडलं. तासाभरात दोघं आली. पहिली पलीकडच्या गल्लीतली एक शिक्षिका. काकांनी तिला मागे बसवून फिरवून आणलं.

"काका, मला आवडली. घेऊन टाकू?"

"तुही शाळा कुठं हाय?"

"ही काय, चौकात."

"अन् भाजी?"

"बाजारातून. स्कूटरवरूनच आणते."

"येते ना घरी भाजी? मंग झालं तर. हे धूड गल्लीत वळवायले म्हैस हाय. पेट्रोल पिते, पार्टासाठी वाट पाहा लावते. आहे तेच वापर वं, फालतू शानमध्ये नको येऊ."

दुसरा औषध कंपनीचा प्रतिनिधी, रोज चंद्रपूरच्या रस्त्याला कंबर मोडून घेणारा. त्याला मात्र काका म्हणाले, "तू घे. तुह्या कमरेनं सही केली समज."

माझा संशय यानेही गेला नाही. हुशार एजंट असाच असतो. एकाला परत पाठवतो आणि दुसऱ्याचा विश्वास कमावतो.

शेवटी मी सरळ जाऊन म्हटलं, "काका, मला बुटीबोरीच्या गेटवर पत्रकं वाटायची आहेत. नेता का?" नाही म्हणतील आणि मला एक मुद्दा मिळेल, असा हिशोब होता. ते म्हणाले, "सकाळी सहाले ये. ओढणी बांधून घेजो." सीटखालच्या खणात त्यांनी माझा पत्रकांचा गठ्ठा ठेवला, स्वतःचा डबा ठेवला, आणि तरी जागा उरली. काकूंचं जास्तीचं हेल्मेट त्यांनी तिथूनच काढून मला दिलं.

वर्धा रोडवर एक कंटेनर आमच्या अंगावर झुकल्यासारखा शेजारी आला. माझ्या छोट्या स्कूटरवर अशा वेळी हँडल थरथरतं आणि मी श्वास धरून मागे राहते. काकांनी मूठ जराशी पिळली. आवाज फारसा वाढला नाही, गाडी हलली नाही, कंटेनर मागे राहिला.

"पाह्यलं? ताकद पळायले नाही लागत. बाजूले व्हायले लागते. लहान इंजन जीव तोडून पळते, याले जीव तोडा लागत नाही."

"म्हणजे ट्रकवाल्यांना आवरायचं नाही, आपणच मोठं व्हायचं?"

"तू आवर ना बाप्पा ट्रक. तोवर मले कामावर जाऊ दे."

कारखान्याच्या गेटवर जे पाहिलं त्याने माझं डोकं फिरलं. टमटममधून उतरलेले कामगार रांगेत उभे होते, पिशव्या उघडून दाखवत होते आणि मग आतल्या लांबलचक रस्त्याने शेडकडे पायी निघत होते. आमची गाडी दिसताच शिपायाने आडवा दांडा वर केला आणि कपाळाला हात लावला. मागे कोण बसलंय, हेही विचारलं नाही. चालणाऱ्या माणसांच्या शेजारून आम्ही थेट शेडच्या भिंतीपर्यंत गेलो.

"हे काय आहे काका? ती माणसं नाहीत?"

"माणसंच हायेत. पण शिपाई माणूस पाहून दांडा नाही उचलत, गाडी पाहून उचलते. त्याले वाटते कोनीतरी साहेब असन." त्यांनी गाडी भिंतीलगत लावली आणि उजव्या बाजूने उतरले. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. उजवा पाय गुडघ्यात वाकतच नव्हता. काठी उचलून ठेवावी तसा तो पुढे ठेवत होते. भिंतीपासून पहिल्या मागापर्यंत दहा-बारा पावलं, तेवढंच त्यांचं चालणं.

"गच्चीवरची टाकी धुवायले गेलो अन् जिन्यावरून आलो खाली. आत पट्ट्या हायेत. मोटारसायकलले मागचा ब्रेक उजव्या पायात, ते गेलं. लहान स्कूटरवर पाय मावत नाही, बाहेर लोंबते. हिच्यावर लांब सोडता येते, दोन्ही ब्रेक हातात. डॉक्टरनं चालवायले हो म्हटलं. चालायले नाही म्हटलं." मग आवाज खाली आणून, "बस गेटावर सोडते वं. गेटापासून पुढं कोन नेईन? इथं माहीत झालं तर ठेकेदार उद्याच घरी बसवते. मागाले माह्या गुडघ्याशी काही काम नाही, पण कागदाले हाय."

मी म्हटलं, "कुणाला सांगणार नाही, काका." आणि मला खरंच तसंच वाटत होतं.

गेटवर परत जाऊन नेलेली पत्रकं वाटली आणि घरी येऊन मी नवं पत्रक लिहिलं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं पत्रक. पत्रक लिहिणाऱ्यांचा एक नियम असतो: नाव गाळलं की माणूस सुरक्षित. मी काकांचं नाव गाळलं, गाव गाळलं, वय गाळलं. लिहिलं एवढंच: 'ज्याचा गुडघा वाकत नाही अशा एका कुशल फिटरला कामावर पोचण्यासाठी भली मोठी पांढरी स्कूटर घ्यावी लागते, कारण आपल्या गेटातून आत जायचा मान कामगाराला नाही, फक्त गाडीला आहे.' हे वाक्य मी तीनदा मोठ्याने वाचलं. गाडी गाळली असती तर वाक्य मेलं असतं. म्हणून गाडी ठेवली. दोन दिवसांनी, काकांची सुट्टी असताना, आमच्या गटाने शिफ्ट सुटताना त्याच गेटवर गठ्ठाभर प्रती वाटल्या. लोक थांबून वाचत होते. मला फार बरं वाटलं.

त्या अख्ख्या कारखान्यात तशी पांढरी गाडी एकच येत होती.

पुढच्या आठवड्यात सकाळी साडेसात वाजता गाडी ओट्यालाच दिसली, वर कापड घातलेली. काकूंनी दार उघडलं. त्या माझ्याशी नेहमी बोलत, त्या दिवशी बाजूला झाल्या फक्त. आत काका खुर्चीवर, पाय स्टुलावर लांब केलेला. हातात माझं पत्रक.

"ये पत्रकवाली. बस."

"काका, काय झालं?"

"शिपायानं दांडा नाही उचलला. म्हणे गाडी बाहेर लावा, सगळ्यासारखं चालत जा. गेलो चालत. अर्ध्यात बसलो एका दगडावर. सगळ्याईनं पाह्यलं. मंग ठेकेदारानं डॉक्टरचा कागद मांगतला."

"मी तुमचं नाव टाकलं नव्हतं."

"नाव कोन वाचते वं? गाडी वाचली सगळ्याईनं." त्यांनी पत्रकाची घडी केली. "याच्यात खोटं काहीच नाही. दोनदा वाचलं मी. अक्षर न् अक्षर खरं हाय. पण मले विचारलं काहून नाही?"

मी जे बोलले ते न विचारण्याहून वाईट होतं. मी म्हटलं, "आपण लढू, काका. ठेकेदाराविरुद्ध पत्रक काढू."

काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "आणखी एक?"

ठेकेदाराला मी तरीही भेटले, पत्रकाशिवाय. तो नम्र होता, चहा मागवला, विमा, जबाबदारी, नियम असे शब्द वापरले. मला तो लबाड वाटला आणि आजही वाटतो. पण त्याच्या टेबलावर जो पुरावा होता तो माझ्या अक्षरांतला होता, हे मी नाकारू शकत नाही. काकांना बोलावणं आलं नाही.

कारखान्यातून फोन मात्र येतात. एकदा मी बसले असताना आला. पलीकडून मागांचा खडखडाट. कुणीतरी फोन मशीनला लावून धरला होता. काकांनी डोळे मिटले, कान दाबला आणि सांगितलं, "तिसरा नाही, त्याच्या बाजूचा. धोट्याचा पट्टा सैल हाय. पहिले ते आवळ." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन धावणारा मागाचा तुकडा. फोन बंद झाला.

मी उसळले. "ही चोरी आहे काका. गुडघा नको आणि कान हवा? घरी बसलेल्या माणसाकडून फुकट काम करून घेतात."

"माग बिघडला का आवाज देते. आला आवाज तर मी काय कान बंद करू?" मग फोन बाजूला ठेवून, "तुहा राग बराबर हाय. पण माह्या नावानं नको रागावू."

आता ते गाडी रोज काढतात, कामासाठी नाही. काकूंना मागे बसवून बुटीबोरीच्या उलट दिशेने जातात, फुटाळा तलावाकडे. मी विचारलं नाही, पण मला वाटतं वर्धा रोड ते टाळतात. आमची बस अजून आलेली नाही. आमच्या मागणीत आता 'बस शेडपर्यंत' अशी एक ओळ वाढली आहे, आणि ती त्यांच्या पायाने शिकवली, माझ्या वाचनाने नाही. ते माझ्याशी हसून बोलतात, चहा देतात. इतक्या सहज माफ करणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. मला वाटतं, त्यांनी माफ केलेलंच नाही. फक्त घरी आलेल्या पोरीला दारातून परत पाठवायचं त्यांच्या अंगात नाही.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा मी आधी त्यांच्याकडे गेले. छापायच्या आधी विचारायचं, एवढं तरी शिकले होते. नाव, गाव, वस्ती, सगळं बदलून लिहिते म्हटलं. ते म्हणाले, "बदल. पण पहिले वाचून दाखव." मी ओट्यावर बसून अख्खं वाचलं. दोन ठिकाणी त्यांनी हात वर केला. ते दोन परिच्छेद इथे नाहीत. संस्थानिक म्हटलेलं त्यांना चाललं. शिक्षिकेच्या प्रसंगाला ते खुदकन हसले. शेवटी त्यांनी गाडीकडे बोट केलं.

"एक लिहायचं राहिलं तुह्याकडून. लिही, गाडीनं कधी दगा नाही दिला."

मी लिहून घेतलं. मग पुढचं वाक्य, माझ्याबद्दलचं, सांगतील म्हणून वहीवर पेन टेकवून बसले. ते उठले आणि सावकाश आत गेले.