जन्मगाव बोरी अरब

सकाळची नमाज झाली की मोहिउद्दीन पिंजारी आढ्याला टांगलेलं पिंजण खाली उतरवायचा आणि कापसाला हात लावण्याआधी त्याची तात एकदा नुसतीच छेडायचा. एकदाच. माणसापेक्षा लांब त्या धनुष्याचा घुमारा भिंती ओलांडून गल्लीत जायचा आणि शेजारची नंदाबाई चूल पेटवायला उठायची. त्याची बायको कमरुन्निसा अंथरुणातूनच ओळखायची, आज तात ओढून बांधावी लागणार की तशीच चालणार. "आतडं हाय ते," तो सांगायचा, "रातच्या हवेनं ढिलं पडते. आधी त्याले इचारा लागते, मंग कापूस."

बोरी अरबमध्ये त्याच्या हातच्या कापसावर न झोपलेला माणूस शोधावा लागला असता. लग्नातल्या गाद्या, बाळंतिणीच्या दुलया, म्हाताऱ्यांच्या उशा, सगळं त्या तातेखालून गेलेलं.

मधली तीन वर्षं तेवढी गल्ली त्या आवाजाशिवाय उठली. त्याची मोठी बहीण जैनबबी कराचीला होती. तिचा नवरा रेल्वेत होता, फाळणीच्या आधीपासून तिकडेच. एक्कावन्न साली तो वारला आणि बहिणीनं लिहून कळवलं, मला घरी ने. मोहिउद्दीन परमिट काढून गेला. टिनाच्या पेटीत बहिणीसाठी तुरीची डाळ होती. कमरुन्निसानं ती दोनदा पाखडून दिली होती. महिनाभरात येतो म्हणाला होता. पण बहिणीला क्षय झालेला. तिला हलवता येईना, टाकून येता येईना. तिकडच्याच एका गल्लीत तो लोकांच्या गाद्या पिंजू लागला. तिथं त्याला 'हिंदुस्थानी' म्हणायचे. तो उर्दू बोलायला लागला की पोरं हसायची, कारण बोरीत घरातही त्यांची वऱ्हाडीच.

बहीण गेली. तिला माती देऊन तो परतायला निघाला, तर परमिटची पद्धत उठलेली होती. आता पासपोर्ट लागतो म्हणाले. कचेरीतल्या बाबूनं फोटो काढून आणायला सांगितलं. एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत तो डकवला.

"हे दाखवलं का घरी जाता येते?" त्यानं विचारलं.

बाबू म्हणाला, येतं. मोहिउद्दीननं अंगठा दिला. त्याच्या लेखी ते तिकीट होतं, जरा जाड. शेजारी बसलेल्या एकाकडून त्यानं ती वही वाचून घेतली. जन्मगावाच्या रकान्यात बोरी अरब लिहिलं होतं. त्याला फार बरं वाटलं. घरी आल्यावर कमरुन्निसाला त्यानं ती जागा बोट ठेवून दाखवली. दोघांनाही वाचता येत नव्हतं, पण पुढं तिला ती जागा पाठ झाली.

छप्पन साली मतदारांची यादी नव्यानं करायला तालुक्याहून एक कारकून आला. चावडीपुढं माणसं बसली होती. मागच्या यादीच्या वेळी मोहिउद्दीन कराचीत होता, म्हणून त्याचं नाव नव्हतं.

"काही कागद?" कारकुनानं विचारलं.

"त्याले कायले पाह्यजे कागद?" रामराव हसून म्हणाला. गावात त्याचा शब्द चालायचा, चाळीस एकर काळी होती त्याची. "लिहा सायेब. माह्या बापाची गादी याच्या बापानं भरली. बोरीचाच हाय."

कारकून लिहायला वाकलाही होता. रामरावच्या शब्दावर त्या दिवशी पंधरा नावं चढली, सोळावं चढलं असतं. पण मोहिउद्दीनला वाटलं, उगाच कुणाचे उपकार कशाला, आपल्यापाशी तर गावात कुणापाशी नाही असा कागद आहे. फोटोचा, शिक्क्याचा. "थांबा सायेब," तो म्हणाला आणि पळत घरी आला.

"काय शोधून राह्यले?" कमरुन्निसानं विचारलं.

"माही वही. यादीत नाव चढून राह्यलं माहं."

तिनंच ती पेटीच्या तळातून काढून दिली. हे तिला पुढं कधी विसरता आलं नाही.

कारकुनानं वही उघडली आणि लेखणी खाली ठेवली. "हे कोणी दिलं तुले?"

"कराचीच्या सायबानं. पाहा न, त्यात गावाचं नाव हाय."

"हा तं पाकिस्तानचा पासपोर्ट हाय," कारकून म्हणाला. रामराव आपलं धोतर झटकून उठला.

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला मोहिउद्दीननं तालुक्याच्या ठाण्यात हजेरी द्यायची असं ठरलं. परक्या मुलकाचा माणूस म्हणून. सकाळच्या मोटारीनं जायचं, बाकावर बसायचं, बोलावलं की अंगठा द्यायचा. तिथला हवालदार गमत्या होता. "गाव अरब आन् माणूस पाकिस्तानी," तो म्हणायचा, "मंग या तालुक्यात हिंदुस्थानी मीच एकला हाव का रे, बुढ्या?" मोहिउद्दीनही हसायचा. न हसून काय करणार होता?

घरी आल्यावर मात्र तो जेवायचा नाही. एकदा म्हणाला, "मी तं एकदाच गेलतो, वापसही आलो. या गावाकडं पाह्य. मध्यप्रदेशात होतं, मुंबईत गेलं, आता आणखीन कुठं जाईन म्हणतात. अन् जागचं हाललं नाही. त्याले नाही कोणी इचारत, तू कुठचा म्हणून."

इथलाच म्हणून राहू द्यावं, असा अर्ज केला होता. अर्जाला गावातल्या दोन भल्या माणसांची साक्ष हवी होती, की हा इथंच जन्मला, बहिणीसाठी गेला, परत आला. कमरुन्निसा स्वतः रामरावच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"भाभी, तो आपलाच हाय," रामराव म्हणाला. "तोंडानं हजारदा सांगतो. पण कागदावर नोको. उद्या मलेच इचारतीन, तुहा काय संबंध म्हणून."

"चावडीवर तं तुमीच म्हनलं होतं."

"तवा ते वही नव्हती पाह्यली."

तांड्याचा लालसिंग नाईक मात्र न बोलावता आला. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे, तो आता ज्वारी-कापूस करायचा. "भाभी, आमच्या तांड्याले चोर समजून शिपायानं चुली मोजलेल्या मी पाह्यल्या हाय," तो म्हणाला. "आना तो कागद." त्यानं अंगठा दिला, आपल्या भावाचाही देववला. कचेरीत साहेबानं ते अंगठे पाहिले. "तांड्याची साक्ष," एवढंच म्हणून त्यानं कागद बाजूला सारला. लालसिंगनं बाहेर येऊन गाडी जुंपली.

साठ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र झाला. शाळेपुढं मांडव होता. पाहुण्यांसाठी गाद्या आणि लोड मोहिउद्दीननं भरले, चार दिवस खपून, आपल्याकडचा कापूस घालून. ऐन दिवशी तो नव्हता. एक तारीख होती. कमरुन्निसा बायकांत मागं बसली. या मातीचं आपल्यावर ऋण आहे, असं पाहुणे लोडाला टेकून सांगत होते. लोड ताठ होता, जरासुद्धा दबला नव्हता. घरी जाताना तिच्या हातावर पेढा ठेवला गेला. तो तिनं नवऱ्यासाठी पदरात बांधला. तो आला तेव्हा म्हणाला, "गोड हाय," आणि अर्धा तिला दिला.

त्रेसष्टच्या माघात देश सोडून जायचा हुकूम आला. तेव्हा घरात रामरावच्या लेकीच्या लग्नाच्या दोन गाद्या व्हायच्या होत्या. साक्ष द्यायला भ्यालेल्या रामरावनं गाडीभर कापूस पाठवताना भ्यायचं काही कारण नव्हतं. गावात दुसरा पिंजारी नव्हता.

हुकूम एकट्या मोहिउद्दीनचा होता. कमरुन्निसा हिंदुस्थानी होती. मूलबाळ नव्हतं. शिपाई त्याला सरहद्दीपर्यंत पोचवून आला. कराचीहून कुणाकुणाच्या हातची चार पत्रं आली. पासष्टच्या लढाईनंतर पत्रं बंद झाली. तो तिकडं वारल्याचं तिला सहा महिन्यांनी कळलं, हजहून आलेल्या एका माणसाकडून. शेजारच्या नंदाबाईनं ऐकून डोळ्याला पदर लावला. "आता सकाळी उठाले उशीरच होते वो," ती म्हणाली.

सदुसष्टला कमरुन्निसा मत द्यायला गेली. केंद्रावरच्या मास्तरनं यादीतून मोठ्यानं वाचलं: कमरुन्निसा, नवरा मोहिउद्दीन, राहणार बोरी अरब. त्याचं नाव यादीत चढलं होतं, ते असं. तिनं बोटाला शाई लावून घेतली.

तो निघाला त्या सकाळीही त्यानं तात छेडली होती. शिपाई दारात उभा होता. पेटी बांधून झाली होती. कमरुन्निसाला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो उंबऱ्यापाशी थांबला, मागं वळला, भिंतीला लावलेल्या, रामरावच्या लेकीच्या दुसऱ्या गादीवर त्यानं हात फिरवला. एका जागी बोटं थांबली.

"इथं सरकी राह्यली हाय," तो म्हणाला. "शिवण उसवून काढून टाकजो. पोरीले टोचन."