वखारीतली मोकळी वाट

लग्न होऊन मी सोनईहून कोपरगावला आले. सासऱ्यांची लाकडाची वखार गावाबाहेर, उसाच्या शेताला लागूनच. नवरा टेम्पो घेऊन शिर्डीच्या हॉटेलांना लाकूड पोचवायला जायचा, त्यामुळे वखारीत बहुतेक वेळ सासरे, मी आणि दोन कामगार. सासऱ्यांना मी मामा म्हणते.

थप्पी रचावी ती मामांनीच. सागाच्या फळ्या, कडुनिंबाचे ओंडके, निलगिरीच्या बल्ल्या, सगळं उघड्यावर, पण इतकं नेटकं की बघत राहावं. त्या थप्प्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून उंचच्या उंच गेलेल्या आणि एकमेकींना खेटलेल्या असायच्या. कुठं रिकामी जागा दिसली की मामांना चैन पडत नसे.

दोन-तीन वर्षांपूर्वी वखारीचा परवाना नवा करायच्या वेळी अग्निशमन दलाचा एक तरुण अधिकारी तपासणीला आला. सगळी वखार पायी फिरला आणि मामांपुढं येऊन म्हणाला, "काका, यातून आमचा बंब आत कसा येणार?"

"बंब कशाला येतोय? माझ्या वखारीत आजवर काडी पेटली न्हाई."

हे बोलताना मामांच्या बोटांत बिडी होती. अधिकाऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. मामांनी हात पाठीमागं नेला. धूर त्यांच्या खांद्यावरून वर येत राहिला आणि मला हसू आवरेना.

अधिकारी मात्र हसला नाही. थप्प्या भिंतीपासून लांब घ्या, उंची कमी करा, मधून बंब जाईल एवढी वाट ठेवा, असं त्यानं शांतपणे सांगितलं. कंपाउंडजवळचं वाळलं गवत काढायचं, करवतीचा भुसा रोजच्या रोज उचलायचा, थप्पीवरून गेलेली वायर हलवायची. पाण्याची टाकी आणि लांब पाइप हवाच. आणि बिडी वखारीच्या बाहेर.

तो गेल्यावर मामा भडकले. "लई शिकल्यालं हाय! कधी फळी उचललीय का त्यानं?"

"मामा, पण बंब खरंच येणार नाही की आत," मी म्हणाले.

"तू पन त्याचीच व्हय?" म्हणत ते बाजेवर जाऊन आडवे झाले, तोंड भिंतीकडं करून. जेवणाचा डबा उघडला तरी उठले नाहीत.

शेवटी मीच कामगारांना थप्पी उतरवायला सांगितली. ते नव्या जागी फळ्या लावायला लागले आणि पहिलीच थप्पी कलली. मामा चोरून बघत होते. तेवढं त्यांना सहन झालं नाही. तरातरा आले, "अरं, सरपन रचताय का लाकूड?" म्हणाले आणि मधे बंबाएवढी वाट सोडून सगळी वखार स्वतः उभं राहून नव्यानं लावून घेतली. टाकी आणि पाइपही आला. बिडीसाठी मात्र त्यांना रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जावं लागे. तिथं त्यांना गप्पा मारायला माणसं मिळाली. मग कुणी गिऱ्हाईक खिशात काडेपेटी घेऊन आत शिरलं, की त्याला अडवणारे मामाच.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी शेजारच्या शेतकऱ्यानं ऊस तुटल्यावर राहिलेलं पाचट पेटवलं. वारा फिरला. जळकी पानं उडत वखारीत पडायला लागली. मी आधी बंबाला फोन केला आणि पाइप ओढला. कामगार बादल्या घेऊन धावले. तेवढ्यात कडेच्या निलगिरीच्या थप्पीनं पेट घेतला. मामा तिच्याकडं धावले तसा मी त्यांचा हात धरला.

"मामा, मागं व्हा!"

"माझं लाकूड हाय ते!"

"असू द्या. तुम्ही मागं व्हा."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते लहान मुलासारखे माझ्याकडं बघत राहिले आणि मागं झाले. आम्ही पलीकडच्या थप्प्या भिजवत राहिलो. मधल्या वाटेवर ठिणग्या पडत आणि विझत. बंब आला आणि त्याच वाटेनं सरळ आत शिरला. त्यावर तोच अधिकारी होता. एक थप्पी गेली, बाकी सगळं वाचलं.

मामा त्या अधिकाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"काका, तुम्हाला कुठं भाजलं नाही ना?" त्यानं विचारलं.

"न्हाई. हिनं मागं ओढलं ना मला," मामा माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले.

शेजारचा शेतकरी गेटबाहेर उभा होता, खाली मान घालून. आत यायचं त्याला धाडस होईना. मामांनीच हाक मारली, "आत ये की. वारं काय तुझं ऐकतंय व्हय?"

तो आला आणि रडायलाच लागला. मामांनी त्याला बाजेवर बसवलं, टपरीवरून चहा मागवला. "आता पाचट जाळू नको. रानातच कुजू दे," एवढंच म्हणाले. मग ते दोघं, शेतात कुठं धुमसतंय का ते बघायला बांधावरून निघाले. बोलत बोलत पार लांब गेले. मी भिजलेल्या पायांनी गेटाशी त्यांची वाट बघत थांबले.