काउंटेसच्या कपाळावरची हळद

प्रमोदिनीबाई दिघे इंग्लंडात बेसिंगस्टोकजवळच्या एका गावात आल्या त्या १९६३ साली, नवऱ्याच्या पाठोपाठ. माधवराव तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. चार वर्षांनी एका सकाळी, ड्यूटीवर जायला कोट चढवता चढवता ते जे खाली बसले ते उठलेच नाहीत. मूलबाळ नव्हतं. पुण्याहून दिरांचं पत्र आलं, परत या, माडीवरची खोली रिकामीच आहे. त्या खोलीतले आपले पुढचे दिवस बाईंना पत्र वाचतानाच दिसले. त्यांनी ते घडी करून ठेवून दिलं आणि हॉस्पिटलच्या लिननरूममध्ये फाटक्या चादरी शिवायचं काम धरलं.

शनिवारची सुटी मात्र खायला उठायची. घरासमोर एक जुनं चर्च होतं. देव कुणाचाही असो, त्याच्यापुढे घटकाभर बसलं तर बिघडलं कुठे, म्हणून त्या जाऊन बसू लागल्या. तिथेच त्यांना काउंटेस एव्हिस भेटली.

भेटली म्हणजे दगडाची. सातशे वर्षं ती आपल्या थडग्यावर उताणी झोपलेली, हात जोडलेले, पायाशी नाक झिजलेलं कुत्रं. दर शनिवारी दोन ते चार मिस पार्फिट नावाच्या म्हाताऱ्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिची गोष्ट सांगायच्या. प्रमोदिनीबाईंनी ती इतक्यांदा ऐकली की मिस पार्फिट गुडघ्यांनी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा व्हिकरनी, म्हणजे तिथल्या पाद्रींनी, चर्चची किल्ली बाईंच्याच हातात दिली. एवढी मोठी लोखंडी किल्ली, पर्समध्ये मावेना. बाई ती देवघरात ठेवत.

मराठी शाळेतलं इंग्रजी, पण गोष्ट सांगायला लागल्या की बाई अडखळत नसत. वडिलांमागे भाऊ गेला आणि सगळा परगणा एव्हिसच्या पदरात पडला. तेव्हा ती चोवीस वर्षांची, विधवा, एका मुलीची आई. बाईमाणसाला हे कसं झेपणार म्हणून राजानं एकामागून एक तीन स्थळं पाठवली. तिनं तिघांना जेवू घातलं आणि परत पाठवलं. दर गुरुवारी ती ह्याच दाराशी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. मुलगी नवव्या वर्षी तापानं गेली, त्या आठवड्यातला गुरुवारसुद्धा तिनं चुकवला नाही. इथं बाई कुत्र्याच्या झिजलेल्या नाकावरून हात फिरवत. मग सांगत, एकतीस वर्षं राज्य केलं, पण मागे कुणी नव्हतं, म्हणून सगळं राजाच्या घशात गेलं.

आठवडाभर बाईंशी कुणी दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे. शनिवारी दोन तास माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहत. त्या किल्लीवर बाईंचा आठवडा उभा होता.

बहात्तरच्या संक्रांतीला लंडनजवळच्या स्टॅनमोरहून ओळखीतल्या सुलक्षणाचा फोन आला. माधवराव असताना ती दरवर्षी हळदीकुंकवाला हक्कानं बोलवायची, ते गेल्यापासून तो विषयच टाळायची. बाईंना मागाहून कळायचं, कुणी काय लुटलं ते.

"वहिनी, ह्या शनिवारी जरा गडबड आहे घरी," सुलक्षणा म्हणाली. "तुम्ही पुढच्या रविवारी जेवायलाच या ना. निवांत बोलता येईल."

"येईन हो," बाई म्हणाल्या आणि तिळगूळ करायला घेतला.

शनिवारी पाऊस होता, चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. बाईंनी पिशवीतून हळदीकुंकवाची कोयरी काढली. पाच वर्षांत ती उघडली नव्हती. कुंकवापाशी बोट थबकलं, ते त्यांनी लावलं नाही. हळद ओली करून काउंटेसच्या कपाळावर बोट टेकवलं. जोडलेल्या हातांखाली खण, मूठभर तांदूळ, सुपारी ठेवून ओटी भरली. कुत्र्यापुढेही तिळाची वडी ठेवली. मग समोर बसून स्वतःच एक वडी खाल्ली. कितीतरी दिवसांनी घास गोड लागला.

चार वाजता आवरायला उठल्या. ओटी पिशवीत घातली, ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं, पण हळद निघेना. तो मऊ पांढरा दगड हळद प्यायला होता. घाबरून बाईंनी चर्चमागच्या मोरीवरचा कपड्यांचा साबण आणला आणि घासलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे जन्मभर कपडे धुतलेल्या बाईला सांगायला हवं का? पण त्या घटकेला काही सुचलं नाही. बघता बघता पिवळ्याचं लाल झालं. काउंटेस रुपयाएवढं कुंकू लावून छताकडे बघत पडली होती.

कुणी पाहिलं नव्हतं. ओल आली म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण देवाच्या दारात खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. त्या तशाच व्हिकरच्या घरी गेल्या.

व्हिकर चिडले नाहीत. ते थडग्यापाशी आले, वाकून कपाळ पाहिलं. म्हणाले, "मिसेस दिघे, पण का?"

"आमच्यात विधवेला हे लावायला कुणी बोलवत नाही," बाई म्हणाल्या. "तिलाही कुणी बोलावलं नसणार. म्हणून मी आले."

व्हिकरनी ते चर्चच्या कमिटीपुढे ठेवलं. बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे सगळ्यांनी मान्य केलं, आणि किल्ली मागून घेतली. बाईंनी ती चिंचेनं घासून, स्वच्छ रुमालात गुंडाळून नेऊन दिली. देवघरात तिच्या जागी काही ठेवलं नाही.

वसंतात नव्या बाई आल्या. त्या कागदावरून वाचत. एका शनिवारी प्रमोदिनीबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. कागदात गुरुवार नव्हता, मुलगी एका ओळीत आटोपली. कुणीतरी विचारलं, कपाळाला हे लाल काय आहे? नव्या बाईंनी कागद उलटून पाहिला आणि म्हणाल्या, दगडातलंच असेल.

प्रमोदिनीबाई उठल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं. घरी येऊन त्यांनी दिरांना पत्र लिहायला घेतलं. खोली अजून रिकामी आहे का, एवढंच विचारायचं होतं, पण तेवढं लिहायलाही त्यांना संध्याकाळ लागली.