एवढा वेळ कुठं होतीस?

आधीच सांगते, त्या दिवशी मी महादेवाच्या दर्शनाला गेले नव्हते. भांडायला गेले होते.

माझी उमेदीची सगळी वर्षं लष्कराच्या नर्सिंग सेवेत गेली. सीमेवरच्या इस्पितळांत बर्फाने काळी पडलेली जवानांची पावलं मांडीवर घेऊन बसले, आणि मेजर म्हणून निवृत्त झाले. आमचे यजमान अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्यात हिशेबाचं काम बघायचे, त्यांनी बदलापुरात फ्लॅट घेऊन ठेवला होता. तिथे राहायला आले. घर छान होतं, पण सकाळी उठून करायचं काय, हे कळेना. सोसायटीत मी नुसती ‘वहिनी’. “साहेब मिलिटरीत होते ना?” असं लोक मलाच विचारायचे. “मी होते,” म्हटलं की हसायचे. “हो का? ऑफिसात का?” देवापुढे बसले तरी मन लागत नसे. इतकी वर्षं राबवून घेतलंस आणि आता माळ्यावर टाकलंस, असं वाटायचं आणि डोकं तापायचं.

प्रजासत्ताक दिनाला सोसायटीत झेंडावंदन होतं. मी इस्त्रीची साडी नेसून, छातीवर पदकं लावून गेले होते. सेक्रेटरींनी माइकवर जाहीर केलं, “आपल्या सोसायटीचे माजी सैनिक, मेजरसाहेब!” आणि शाल घेऊन सरळ आमच्या यजमानांकडे गेले. मी शेजारीच उभी. हे गडबडले, “अहो, मी नाही, ही...” म्हणेपर्यंत शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, टाळ्याही झाल्या. मला गुलाबाचं फूल मिळालं. “वहिनींनी घर सांभाळलं, म्हणून साहेब सीमेवर उभे राहू शकले!” माझी पदकं त्यांना दिसलीच नाहीत. दिसली असतील तर ती नवऱ्याची वाटली असतील.

फूल खुर्चीवर ठेवून मी गेटबाहेर पडले. समोर आलेल्या रिक्षात बसले. कुठे जायचं विचारल्यावर तोंडातून ‘अंबरनाथ, शिवमंदिर’ निघालं. का, ते आजही सांगता येत नाही.

तिथला गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पिंडीसमोर उभी राहिले आणि मनात साठलेलं सगळं ओकले. मला शाल नको होती रे. माझं काम का काढून घेतलंस, एवढं सांग. शेवटी शेवटी मोठ्याने बोलत असणार, कारण पुजारी माझ्याकडे बघत राहिले होते. मी तशीच वर निघाले.

पायऱ्यांवर एक म्हातारी वाट अडवून बसली होती. सून तिला उठवत होती, पण तिला पाय टेकवता येत नव्हता. पावलाला लुगड्याची चिंधी बांधलेली, हळदीने पिवळी झालेली. त्या जखमेचा वास माझ्या चांगलाच ओळखीचा. मी कुणाला न विचारता खाली बसले, पाऊल मांडीवर घेतलं, चिंधी सोडली. एक बोट काळं पडलं होतं.

“साखर आहे का यांना?” मी सुनेला विचारलं.

“हाय ना, मॅडम. एका दवाखान्यात मलम दिलं, दुसरीकडं बोलले पाय कापायला लागंल. तवापासून आत्या दवाखान्याचं नावच नाय काढू देत.”

“न बघता, न तपासता पाय कापणार?” माझा आवाज चढला.

म्हातारी मला निरखत होती. “तू नर्सबाय हायस?”

“हो आजी. मिलिटरीतली.”

तिने माझ्या दंडावर फाटकन चापट मारली. “मंग एवढा वेळ कुठं होतीस गो? म्हादेवाला कवापासून सांगतंय, कुनाला तरी धाड. माजा पाय सडला ना!”

ती खरोखर चिडली होती. जणू माझी ड्यूटी लागलेली होती आणि मीच हजर झाले नव्हते. मी नुसतं “चुकलं आजी” म्हटलं आणि मला रडू फुटलं.

ताराबाई तिचं नाव, बदलापूरजवळच्या चामटोली गावची. तिला रिक्षात घालून उल्हासनगरच्या एका इस्पितळात नेलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, उद्या या. मग मात्र मी वॉर्डातल्या जुन्या आवाजात बोलले, आणि त्यांना तिला त्याच दिवशी दाखल करून घ्यावं लागलं. बोट गेलं, पाऊल वाचलं. त्या संध्याकाळी माझा फोन गेल्यावर यजमान डबा घेऊन इस्पितळात आले. “मी माइक हातात घेऊन सांगितलं त्यांना, मेजर ती आहे म्हणून,” ते ओशाळून म्हणाले. “पण तोवर नाश्ता सुरू झाला होता गं.” कितीतरी दिवसांनी मी खळखळून हसले.

पट्टी बदलायला मी चामटोलीला जाऊ लागले. ताराबाईच्या ओट्यावर आधी शेजारीण आली, मग तिची जाऊ, मग कारखान्यात हात भाजलेली एक मुलगी. ओटा पुरेना, तेव्हा गावाने मारुतीच्या देवळाची ओसरी दिली. बायका मला ‘मेजरबाय’ म्हणतात. कुणाच्या घरी लग्न असलं की पहिलं बोलावणं मला असतं.

माझा राग गेला का? नाही. आईचं दुखणं अंगावर काढायला लावणाऱ्या मुलांवर मी आजही ओरडते, ‘उद्या या’ म्हणणाऱ्यांशी भांडते. पूर्वी वाटायचं, शरण जायचं म्हणजे शांत व्हायचं. मी तर रागासकट गेले होते, आणि महादेवाने मला रागासकट कामाला लावलं. योगायोग म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही.

परवा ओसरीवर एकीची जखम धूत होते आणि देवळात आरती सुरू झाली. उठता येईना. ताराबाई तबक घेऊन लंगडत माझ्याजवळ आली. “तू नको उठू, तुजं चाललंय,” म्हणाली. तिने आपले तळवे ज्योतीवर धरले आणि माझ्या डोळ्यांवरून, कपाळावरून फिरवले. ते गरम होते. मी डोळे मिटले नाहीत, जखम उघडी होती.