फळीच्या पोटावरची म्हैस

देवपूरची दिपमाला ट्रक रंगवायची. महामार्गालगतच्या गॅरेजांत ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर-कमळं काढणारे आणि शेरोशायरी लिहिणारे पेंटर बरेच. बाई ती एकटी. पेंटर वडिलांचा हात थरथरायला लागला तसा तिनं ब्रश उचलला. "बाईमाणूस ट्रकखाली बसतंय," म्हणून हसणाऱ्यांचे ट्रक तिनं घेतलेच नाहीत. पुढे तेच लोक तिच्याकडे आले, तेव्हा तिनं त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवलं.

एकदा शिरपूरची पुनम आली. ही मुलगी चाकांच्या फळीवर, म्हणजे स्केटबोर्डवर, खेळायची. आता ती व्यावसायिक खेळाडू झाली होती आणि बेंगळुरूची एक कंपनी तिच्या नावाची फळी काढणार होती.

"अक्का, फळीच्या खालच्या अंगाचं चित्र तुम्हीच काढायचं."

दिपमालानं तिच्या हातातली फळी घेऊन उलटीपालटी केली. "पन चित्र पोटाले कशाले? दिसी कोनले?"

मग पुनमनं सगळं सांगितलं. सुरुवातीला परदेशात फळीच्या वरच्या बाजूला कंपनीचं नाव असायचं, फार तर एखादी नक्षी. पुढे पाय घसरू नये म्हणून वर खरखरीत काळा कागद चिकटवायची रीत पडली आणि चित्र खाली गेलं. तिथं कवट्या आल्या, ड्रॅगन आले. नामांकित खेळाडूंच्या फळ्या पोरं नुसत्या चित्रावरून ओळखायला लागली. नंतर काही छोट्या कंपन्यांनी बड्यांची टर उडवणारी चित्रं छापली. वकिलांच्या नोटिसा आल्या तरी त्यांची खोड गेली नाही.

"आणि लोखंडी कठड्यावरून फळी घासत नेली ना, की चित्र खरवडून जातं."

"जाऊ दे. ट्रकवरलं तरी कुठं टिकस?" दिपमाला म्हणाली.

कंपनीतर्फे फोन आला तो श्रेयांसचा. मूळचा इकडचाच, जळगावचा, बोलायला गोड. "ताई, एखादी देवी काढा. आठ हातांची. बाहेर खूप खपेल."

"अन् वर पाय ठेवून नाचायचं? कठड्यावर घासायचं तिला?"

"मग घागर घेतलेली खेड्यातली बाई?"

दिपमालानं फोन ठेवला आणि पुनमच्या फळीवर म्हैस काढली. भर महामार्गात बसलेली, शिंगं रोखलेली, डोळे लालबुंद. मागे ट्रकांची रांग आणि रवंथ काही थांबलेला नाही. शिंगाखाली रेखलं : पेंटर दिपमाला, देवपूर.

फोटो पाहून श्रेयांस हादरला. "म्हैस? आणि चित्रकाराचं नाव आम्ही टाकत नाही, ताई."

"ट्रकवर मालकाचं नाव असतं तसं पेंटरचंही असतं," ती म्हणाली. मग राग चढला तशी घरची बोली तोंडात आली, "मन्हं नाव राही, नईते म्हैस बी नई!"

कंपनीनं दुसऱ्याकडून घागरवाली बाई काढून घेतली आणि छापली. पुण्याच्या स्पर्धेआधी त्या फळ्यांचं खोकं पुनमकडे आलं. तिनं ते उघडून पाहिलं आणि तसंच परत पाठवलं. करार मोडेल, अशी धमकी आली. "मोडू द्या," ती म्हणाली आणि दिपमालानं रंगवलेल्या फळीवर मैदानात उतरली. दिपमाला एसटीनं गेली होती. लोखंडी कठड्याजवळ उभी होती.

पुनम उडाली, फळी हवेत उलटली आणि सगळ्यांना म्हैस दिसली. आधी हशा झाला. मग कोणीतरी ओरडलं, "म्हैस! म्हैस!" बघता बघता सगळं मैदान ओरडायला लागलं. शेवटी फळी कठड्यावरून खर्रकन घासत गेली आणि लोखंडावर लाल रंगाचा ओरखडा राहिला. दिपमालानं नजर हलवली नाही.

पुनम तिसरी आली. श्रेयांस धावत आला तो दिपमालाकडे. "छापू ताई, म्हैसच छापू. नावही टाकू, पण बारीक."

"शिंगाएवढं."

"साहेबांना विचारावं लागेल."

"विचार. मी इथंच बसली आहे."

ती खरंच मैदानाच्या पायरीवर ऐसपैस बसली. पुनम घामेजलेली येऊन शेजारी टेकली. श्रेयांस फोनवर बराच वेळ हातवारे करत राहिला आणि शेवटी त्यानं लांबूनच होकाराची मान हलवली.

त्या फळ्या निघाल्या त्या शिंगाएवढ्या नावानिशी. कंपनीनं तिला बेंगळुरूला कामावर बोलावलं, तेव्हा मात्र ती गेली नाही. ज्याला चित्र हवं, त्यानं देवपूरला यावं, असं तिनं कळवलं. आता खेळाडू येतात, आणि ट्रकवाल्यांच्या मागे नंबर लावून बसतात.