पियानोची झांज

“वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीमागे त्याची स्वतःची भिंत पाहिजे. एकाच भिंतीला सगळे टेकले, की सगळ्यांच्या पाठी सारख्याच मळतात,” असं वेंडेल टॉलिव्हर एकदा म्हणाला होता. त्याआधी, घरात खुर्च्या तीन आणि तुझ्या ड्रमच्या झांजा पाच, हा काय प्रकार आहे, असं अर्नेस्टीनने, त्याच्या बायकोने, विचारलं होतं. तिला उत्तर पटलं नाही. “मग माझ्या पाठीमागे कुठली?” म्हणत ती मासे तळायला वळली.

क्लिओफस बॉयकिन तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात बसला होता. वेंडेल ड्रम वाजवायचा आणि क्लिओफस बास, म्हणजे ते माणसाएवढं, उभं राहून वाजवायचं तंतुवाद्य. अठरा वर्षं एकत्र. क्लिओफस नेहमी त्याच्या उजव्या हाताला उभा राहायचा, इतका जवळ की वेंडेलची उजवी झांज हलली की त्याच्या कोटाच्या बाहीला वारा लागायचा. माणसाची ओळख चेहऱ्यावरून होते म्हणतात. क्लिओफसला वेंडेलचा चेहरा आठवायला कष्ट पडत. काठीचं टोक पितळेवर पडल्याचा आवाज मात्र झोपेतही ओळखता आला असता. बासच्या तारा त्याने त्या आवाजावरच चालवल्या होत्या. तो आवाज पायाखाली होता म्हणून बाकीचं सगळं उभं होतं.

वेंडेल अलाबामातून चौदाव्या वर्षी डेट्रॉइटला आला. आधी चर्चमध्ये खंजिरी, मग लग्नांतून ड्रम. आठवडाभर तो मोटारींचे दरवाजे ठोकणाऱ्या कारखान्यात प्रेसच्या दणदणाटात उभा असायचा आणि रविवारी संध्याकाळी बाराव्या रस्त्यावरच्या बारमध्ये वाजवायचा. बसला तरी त्याचा एक पाय हलतच राही. केस कापतानाही हले. न्हावी म्हणायचा, “टॉलिव्हर, पाय बाहेर ठेवून ये, नाहीतर कान घरी ठेव. दोन्ही सांभाळणं मला जमणार नाही.”

त्याच्या ड्रमवर राइड दोन असत. राइड म्हणजे ती मोठी झांज, जिच्यावर काठी गाणं संपेपर्यंत चालत राहते. बहुतेकांना एक पुरते. वेंडेलची उजवी राइड जाड, लखलखीत. काठीचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येई. डावी पातळ आणि गडद, तिचे ठोके एकमेकांत विरघळत. मेनार्ड सॅक्सोफोन वाजवू लागला की वेंडेल उजवीवर असे. मेनार्डने वाद्य तोंडातून काढलं आणि व्हर्लीनचा पियानो सुरू झाला, की त्या एका श्वासात त्याचा हात डावीकडे जाई. ऐकणाऱ्याला वाटे, खोलीतला दिवा कुणीतरी बदलला. मेनार्ड बँडचा पुढारी होता. तो म्हणे, उजवी माझी. व्हर्लीन शाळेत गणित शिकवायची. ती म्हणे, डावीच्या आत बसलं की घरी आल्यासारखं वाटतं. झांजा वेंडेलच्या, पण मालकी अशी वाटली गेली होती. त्या बारमध्ये नेहमी येणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं.

एका वसंतात ही वाटणी बिघडली.

एका रविवारी मेनार्डच्या सोलोत वेंडेल डावीवर गेला आणि तिथेच राहिला. पुढच्या रविवारीही. मध्यंतरात मेनार्ड कोलार्डच्या पालेभाजीची ताटली हातात घेऊन आला.

“वेंडेल, मी काय पियानो आहे का?”

“नाही बाबा. पियानोला दात जास्त असतात.”

“मग माझ्या मागे पियानोची झांज का? लोक हसतात. पुढच्या टेबलावरच्या त्या बाईने मला विचारलं, तुमचं काही भांडण झालंय का.”

“तुझं सुरात येतंय ना, मग खा ती भाजी.”

व्हर्लीन हसली, मेनार्ड हसला नाही. दुसऱ्याच्या झांजेवर वाजवावं लागणं हा अपमान होता, आणि अठरा वर्षांच्या सोबतीनंतर तो चुकून होत नसतो, असंच कुणीही धरून चाललं असतं.

क्लिओफसने तसं धरलं नाही. त्याला वेगळंच काहीतरी बोचत होतं. हल्ली वेंडेल उजवीवर असला की ठोका जरा जास्त जोरात पडे, अंधारात पायरी शोधणाऱ्या माणसाच्या पायासारखा. डावीवर गेला की हात सैल होई. हे क्लिओफसने कुणाला सांगितलं नाही. ज्याचं नाव घ्यायचं नसतं त्याच्याभोवती माणूस फिरत राहतो; तो तसा फिरत राहिला. भाडं भरताना, दाढी करताना, आंघोळीच्या पाण्याच्या आवाजातही तो उजव्या झांजेचा ठोका मोजत राही. कधीकधी त्याला वेंडेलचाच राग येई, की हे ओझं माझ्या कानात का टाकलंस.

मग शिकागोचं काम आलं. तीन आठवडे, रोज, एका मोठ्या क्लबमध्ये. वेंडेलने आयुष्यात इतकं मोठं काम पाहिलं नव्हतं. कारखान्यातून त्याने सुट्टी मागून घेतली, अर्नेस्टीनने त्याचा कोट इस्त्रीला दिला, चर्चमध्ये जाहीर केलं. जाण्याच्या आदल्या रविवारी, बार उघडायच्या आधी दुपारी दोनला, सगळे तालमीला जमले. खुर्च्या टेबलांवर उलट्या होत्या. खिडकीतून फरशीवर ऊन आलं होतं आणि त्या उन्हात कालच्या सिगारेटची राख स्पष्ट दिसत होती.

मेनार्डने कोट काढता काढता सांगून टाकलं. “शिकागोचं स्टेज लहान आहे. पियानोनेच अर्धं खाल्लंय. वेंडेल, राइड एकच घे.”

वेंडेलचा पाय थांबला. क्लिओफसने तो थांबलेला पहिल्यांदाच पाहिला.

“डावी घेतो,” वेंडेल म्हणाला.

“डावी? डोकं फिरलंय का तुझं? सगळा बँड उजवीवर उभा आहे.”

“मी डावीवर उभा करून दाखवतो.”

“मी तीन आठवडे पियानोच्या झांजेवर वाजवू? मग व्हर्लीनचंच नाव दारावर लिहा ना!”

“चालेल मला,” व्हर्लीन पियानोवरून म्हणाली. “स्पेलिंग नीट लिहा म्हणजे झालं.”

“तू गप गं मास्तरीण. हे बघ वेंडेल, उजवी घेत असशील तर चल. नाहीतर शिकागोतला एक पोरगा आहे, उद्या फोन केला तर उद्या येईल.”

आता सगळं एका पितळी तबकडीवर येऊन ठेपलं होतं. वेंडेलने खांदे उडवले. “बरं बाबा. उजवी.” स्टूलवर सरकून बसला, काठ्या उचलल्या. “मोज.”

मेनार्डने मोजलं. वेंडेल उजवीवर उतरला, आणि पहिल्याच ठोक्याला क्लिओफसने त्या झांजेकडे पाहिलं. झांज तडकली होती. कडेशी, खालच्या बाजूला असावी ती चीर. प्रत्येक ठोक्यामागून कागद फाटल्यासारखी एक हलकी थरथर येत होती. कुठल्याही ड्रमवाल्याने तिथेच थांबून शिवी घातली असती, झांज उतरवून बोटाने कड चाचपली असती. क्लिओफस शिवीची वाट पाहत वाजवत राहिला. चार मात्रा. आठ. व्हर्लीनने मान वर केली. मेनार्ड वाजवता वाजवता भुवया उंचावून मागे वळला. वेंडेल डोळे मिटून, ओठांत हसत, वाजवत होता. हात स्थिर, ठोका नेमका जागच्या जागी. क्लिओफसला कळलं, की तो ऐकून वाजवत नव्हता. आठवून वाजवत होता.

त्या क्षणी बोलायला नको होतं. गाणं संपू द्यायचं, मग त्याला रस्त्यावर एकट्याला गाठायचं, पाठीवर हात ठेवायचा. हे सगळं क्लिओफसला समजत होतं. पण कित्येक आठवडे त्याच्या आत जे चक्राकार फिरत होतं, त्याने तोंड गाठलं. त्याने तारांवर तळवा आपटून आवाज थांबवला.

“अरे वेंडेल, तडकलीय ती! ऐकू येत नाही का तुला?”

वेंडेलने डोळे उघडले.

“कोणती?” त्याने विचारलं.

एवढाच प्रश्न. मेनार्डने सॅक्सोफोन पोटाशी धरला आणि फरशीकडे बघू लागला. व्हर्लीनने हात मांडीवर घेतले. ते दोघंही आता सगळं नव्याने जुळवत होते: पियानोची झांज, अपमान, पुढच्या टेबलावरची बाई.

वेंडेलने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग डावा कान खाली वाकवून उजव्या झांजेवर हळूच ठोका मारला. थांबला. पुन्हा मारला, जरा जोरात. शेवटी काठी बाजूला ठेवून बोटांनी कड चाचपू लागला, सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरत. चिरेपाशी बोट अडलं. ते तिथेच राहिलं.

“अरे, प्रेसवर उभं राहून राहून...” क्लिओफसने सुरुवात केली. “डॉक्टरला दाखवू. अर्नेस्टीनला मी सांगतो. मेनार्ड, दोन झांजा गाडीत मावतील की, माझा बास छतावर बांधू...”

“हो, मावतील,” मेनार्ड घाईघाईने म्हणाला. “मावतील रे. डावीच वाजव. मला चालेल.”

इतक्या मऊ आवाजात मेनार्ड त्याच्याशी कधीच बोलला नव्हता. वेंडेलने तो आवाज कितपत ऐकला कोण जाणे. चेहरा मात्र त्याने पाहिला. चिरेवरचं बोट काढून पँटला पुसलं. बाजूला ठेवलेला कोट घेतला, एक बाही घातली, दुसरी सापडायला वेळ लागला. क्लिओफस मदतीला पुढे झाला, तेव्हा वेंडेलने त्याच्या छातीवर तळवा ठेवून त्याला जागीच थांबवलं. दोन्ही झांजा स्टँडवर तशाच ठेवून, उलट्या खुर्च्यांमधून वाट काढत, तो बाहेर गेला.